साडेतीन हजार तुकड्यांची मोटार



आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सध्या एक निळी मोटार ठेवलेली आहे. ती सुमारे ५६ सेंटिमीटर लांब आहे आणि पूर्णपणे प्लॅस्टिकच्या तुकड्यांची आहे. तिला ना डिंक लावला आहे, ना एकही स्क्रू. खऱ्या बुगाटी शिरॉन या स्पोर्ट्स मोटारीची ही एक अष्टमांश आकाराची प्रतिकृती असून तिचे तुकडे ३५९९ आहेत. हा लेगो संच २०१८ साली बाजारात आला. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने तो शाळेस भेट दिला आणि आठवी-नववीच्या मुलामुलींनी शाळा सुटल्यावर बसून तो जोडला. "पुढच्या वर्षी एसएसएलसी आहे आणि पोरं खेळणी जोडत बसली आहेत," असे काही पालकांनी स्पष्ट बोलून दाखविले. प्रश्न रास्त आहे, म्हणून या मोटारीच्या पोटात काय आहे ते येथे सविस्तर सांगतो.

प्रथम वीट पाहू. डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचे सुतार होते. मंदीच्या काळात, १९३२ साली, त्यांनी लाकडी खेळणी बनविण्यास सुरुवात केली. 'छान खेळ' या अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून 'लेगो' हे नाव १९३४ मध्ये तयार झाले. आज आपण पाहतो त्या विटेचे पेटंट २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाले. तिची खुबी पोटात आहे. वर गुंड्या, आत पोकळ नळ्या. खालच्या विटेची गुंडी वरच्या विटेच्या भिंती आणि नळी यांच्या मध्ये दाबून बसते. लहान मूलही ती ओढून काढू शकते, पण आपोआप ती सुटत नाही. आठ गुंड्यांच्या एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, असे गणितज्ञांनी मोजून दाखविले आहे.

परंतु गुंड्यांच्या विटांनी घर बांधता येते, चालणारे यंत्र बांधणे कठीण. त्यासाठी १९७७ पासून टेक्निक नावाची वेगळी मालिका निघाली. तिच्यात विटांऐवजी भोकांच्या पट्ट्या, खुंट्या, आस आणि दातेरी चाके असतात. आमची मोटार या जातीची. दोन भोकांमधील अंतर सर्वत्र ८ मिलिमीटर. गंमत अशी की दातेरी चाकाला जितके दाते, तितके मिलिमीटर त्याचा कामाचा व्यास. ८ दात्यांचे आणि २४ दात्यांचे चाक शेजारी बसविले तर त्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ४ अधिक १२, म्हणजे १६ मिलिमीटर, बरोबर दोन घरे. १६ दात्यांची दोन चाके घ्या, तरी पुन्हा दोन घरे. ८ आणि ४० घ्या, तर तीन. व्यास आणि त्रिज्या यांचा धडा आम्ही फळ्यावर अनेकदा शिकविला असेल, पण मुलांनी स्वतः हिशेब करून "हे चाक इथे बसेल" असे आधी सांगावे आणि ते बसावे, यातला आनंद निराळा.

आता पुस्तकाकडे येतो, कारण आमच्या भागाच्या दृष्टीने हीच खरी महत्त्वाची गोष्ट आहे. संचाबरोबर जोडणीची जाड पुस्तके येतात. जोडणीच्या पायऱ्यांत एकही वाक्य नाही, सर्व काही चित्रे, आकडे आणि बाण. कोणते तुकडे घ्यायचे ते एका चौकटीत दाखविलेले असते. आसाची लांबी ओळखता यावी म्हणून आसाचे चित्र खऱ्या मापाचे छापलेले असते. आस कागदावर ठेवून ताडून घ्यायचा. आपली मुले कशी आहेत हे आपण जाणताच. कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी कन्नड, कोणाच्या घरी दखनी, आणि गल्लीत तिन्ही. कोणतेही नवे पुस्तक हाती आले की आधी भाषेची भिंत असते. या पुस्तकापुढे मात्र भालकीचा मुलगा आणि बिलुंडचा मुलगा एकाच रांगेत उभे.

शब्द छापलेले नव्हते, म्हणून ते मुलांना स्वतः शोधावे लागले. चौघे जण एका टेबलावर बसले की "ते दे, हे नको" एवढ्याने काम भागत नाही. पहिल्याच दिवशी भांडण झाले, दुसऱ्या दिवसापासून नावे पडू लागली. अधिक चिन्हासारख्या दांडीला 'आस' हे नाव बैलगाडीवरून आले. जोडणाऱ्या छोट्या तुकड्यांना 'खुंटी'. दातेरी चाकाच्या दातांना कन्नड घरातील मुलाने 'हल्लु' म्हटले आणि आठ दात्यांच्या चाकाला सर्वांनी 'आठ हल्लु' करून टाकले. हिंदीतून पदवी घेतलेल्या आम्हास आणखी एक मौज वाटली. मराठीची वीट, हिंदीची ईंट आणि कन्नडची इट्टिगे या तिघी ऐकायलाच एका घरच्या वाटतात.

खुंट्यांविषयी थोडे अधिक सांगणे जरूर आहे. दोन पट्ट्या जोडणारी काळी आखूड खुंटी भोकात घट्ट बसते, कारण तिच्या अंगावर बारीक उंचवटे असतात. तशीच दिसणारी फिकट राखाडी खुंटी गुळगुळीत असते आणि भोकात मोकळी फिरते. जेथे सांधा पक्का हवा तेथे काळी, जेथे तो फिरायला हवा तेथे राखाडी. रंग येथे शोभेसाठी नसून कामासाठी आहे. एका गटाने गिअरबॉक्सजवळच्या फिरत्या सांध्यात राखाडीऐवजी काळी खुंटी घातली. मोटार अडली नाही, फक्त थोडी जड फिरू लागली. कोणाच्या लक्षात आले नाही, कारण वरून सर्व काही पुस्तकाप्रमाणेच दिसत होते. पुढे बऱ्याच पायऱ्या झाल्यावर आठवीतील एक मुलगी म्हणाली, "सर, काल हलकं फिरत होतं." दोन संध्याकाळी उलटे सोडवीत मागे जावे लागले. त्यानंतर मुलांनी आपणच नियम केला की दर पानाच्या शेवटी आस बोटाने फिरवून पाहायचा आणि तो हलका फिरला तरच पान उलटायचे. त्याचप्रमाणे तुकडे निवडताना रंगावरून ढीग लावू नये, आकारावरून लावावे, हेही त्यांनी अनुभवाने ठरविले. काळ्या ढिगात काळी खुंटी शोधणे म्हणजे तुरीत तूर शोधणे.

गिअरबॉक्स हा या मोटारीचा सर्वांत अवघड भाग आहे. त्यात आठ गती आहेत. लहान चाकाने मोठे चाक फिरविले, समजा ८ दात्यांच्या चाकाने २४ दात्यांचे, तर लहान चाकाचे तीन फेरे झाले की मोठ्याचा एक होतो. वेग एक तृतीयांश उरतो आणि घर्षणात जाते ते सोडले तर जोर तिप्पट मिळतो. चढावर सायकलवाला मागचे मोठे चक्र घेतो ते याच कारणाने. पुष्कळ मुलांची समजूत होती की गिअर बदलताना एक चाक बाजूला सरकून दुसऱ्यात अडकते. टेक्निकच्या गिअरबॉक्समध्ये मात्र सर्व जोड्या नेहमी एकमेकींत गुंतलेल्या असतात, पण आसावर मोकळ्या फिरतात. मध्ये एक सरकते कडे असते. ते ज्या चाकाला जाऊन भिडते, तेवढेच चाक आसाला बांधले जाते. आजच्या खऱ्या मोटारींतही बहुतेक गिअर याच तत्त्वाने पडतात.

खऱ्या मोटारीत इंजिन चाकांना फिरविते, आमच्या मोटारीत उलटे आहे. मोटार हाताने ढकलली की चाकांकडून गती गिअरबॉक्समधून इंजिनाकडे जाते आणि १६ सिलिंडरचे दट्टे वर-खाली होतात. म्हणून गिअर वाढविला की दट्टे सावकाश हलतात. असे का, हा प्रश्न आम्ही नववीच्या वर्गास दिला होता. उत्तर तीन दिवसांनी आले, ते मात्र बरोबर आले.

डिफरेन्शियल समजावण्यास आम्हाला पुस्तकाची गरजच पडली नाही. ट्रॅक्टर बांधाजवळ वळतो तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते. मागच्या दोन चाकांत दीड मीटर अंतर धरले, तर पूर्ण उलटे वळताना बाहेरचे चाक साडेचार मीटरहून अधिक जादा चालते. बैलगाडीला ही अडचण नाही, तिची दोन्ही चाके आसावर आपापली मोकळी फिरतात. पण ज्या चाकांना इंजिनाने जोर द्यायचा आहे ती मोकळी कशी सोडणार? त्यासाठी दोन्ही बाजूंच्या आसांमध्ये तिरकस दात्यांची छोटी चाके बसविलेली पेटी असते. ती जोर दोन्हीकडे देते आणि फेरे मात्र गरजेप्रमाणे वाटू देते. टेक्निकच्या १९८० सालच्या मोटार संचातही अशी पेटी होती. तिचा दोष आपल्या काळ्या रानात दिसतो. एक चाक चिखलात फसले की सर्व फेरे तेच खाते आणि दुसरे उभे राहते. मग चालक डिफरेन्शियल लॉकचा पायटा दाबतो. हे सांगितल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, उठून दहा मिनिटे बोलला. त्याचे वडील भाड्याने ट्रॅक्टर चालवितात.

अशा तुकड्यांची मोटार खरोखर माणूस बसवून चालविता येईल काय, असे मुलांनी विचारले. २०१८ मध्येच तसे झाले. लेगोच्या चेक देशातील क्लाद्नो येथील लोकांनी पूर्ण आकाराची शिरॉन बांधली. दहा लाखांहून अधिक तुकडे, वजन सुमारे दीड टन, आणि इंजिनाच्या जागी खेळण्यातल्याच २३०४ लहान मोटारी. सांगाड्यास पोलाद वापरले आणि टायर खरे होते, पण टेक्निकचे तुकडे डिंकाशिवाय जोडले होते. त्या कामास १३,४३८ तास लागले. ती ताशी २० किलोमीटरच्या वर धावली. खरी शिरॉन ४२० ला रोखलेली असते.

आता खर्चाचे पाहू. असे संच फार महाग असतात आणि शाळेने ते विकत घ्यावेत असे आमचे मत नाही. ज्ञान किमतीत नसते हे अरविंद गुप्ता यांनी केव्हाच दाखवून दिले आहे. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्यात टेल्कोत नोकरीस होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान उपक्रमात गेले आणि तेथे त्यांनी आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे यांपासून जोडणीचा खेळ तयार केला. ट्यूबमध्ये दोन्हीकडून काड्या खुपसायच्या, मध्ये बाभळीच्या काट्याने भोक पाडून तिसरी काडी घालायची. त्रिकोण दाबला तर हलत नाही, चौकोन लगेच वाकतो. पुलांना त्रिकोण का असतात ते मूल हाताने शिकते. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या सहावी-सातवीस आम्ही हाच खेळ दिला आहे. बाभळीचे काटे गावात हवे तितके आहेत.

राहिला एसएसएलसीचा प्रश्न. आपली मुले दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकतात. तरफ, कप्पी, दट्टा, घर्षण हे शब्द त्यांना येतात. दहावीनंतर पीयूसीला विज्ञान घेतले की सर्व एकदम इंग्रजीत होते आणि चांगली मुले पहिल्या सहा महिन्यांत मागे पडतात. विषय त्यांना माहीत असतो, नाव ओळखू येत नाही. काही जण तेथेच विज्ञान सोडतात. हे आम्ही दरवर्षी पाहतो आणि मनास लागते. म्हणून मोटार जोडताना प्रयोगशाळेच्या भिंतीवर एक तक्ता लावला. ज्या तुकड्याला मुलांनी नाव दिले, त्याच्यासमोर मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी शब्द मुलांनीच लिहायचा. दट्टा म्हणजे पिस्टन, आस म्हणजे ॲक्सल, दातेरी चाक म्हणजे गिअर. हातात धरलेल्या वस्तूचे नाव चार भाषांत सहज पाठ होते, नुसत्या यादीतले होत नाही. तक्त्यावर आजपर्यंत त्रेसष्ट शब्द झाले आहेत.

ही मोटार कपाटात शोभेसाठी ठेवली जाणार नाही. परीक्षा संपल्यावर ती पूर्ण सोडवून तुकडे डब्यांत भरले जातील आणि पुढच्या आठवीस दिले जातील. तोपर्यंत शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पालकांनी अवश्य येऊन पाहावी. ज्यांचे गॅरेज आहे किंवा ज्यांच्या घरी स्कूटर वा ट्रॅक्टरचा निकामी गिअरबॉक्स पडून आहे, त्यांनी तो तेल पुसून शाळेत पाठवावा. मुलांना आता खरा उघडून पाहायचा आहे.