कोंदट घरे आणि मोकळा वारा

मृगाचा पाऊस सुरू झाला की गोमंतकातील घरांच्या खिडक्या मिटतात, त्या चतुर्थीपर्यंत धडपणे उघडत नाहीत. ओले कपडे खोलीतल्या दोरीवर, स्वयंपाकाची वाफ छताखाली आणि कपाटामागच्या भिंतीवर हिरवट-काळी बुरशी, असा हा चार महिन्यांचा संसार असतो. ओल पावसाची, असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः तिचा बराचसा भाग आपणच घरात निर्माण करतो आणि दारे-खिडक्या लावून तेथेच कोंडून ठेवतो. अशा ओलीचा दम्याशी व श्वसनविकारांशी निकटचा संबंध आहे, हे वैद्यकशास्त्राने केव्हाच मान्य केले आहे.

आपल्या पूर्वजांनी या हवामानाचा विचार करूनच घरे बांधली. मधले राजांगण, समोरासमोर येणारी दारे, उंच छप्पर, शिंपल्यांच्या खिडक्या यांत शोभेइतकीच उपयुक्तताही होती. तापलेली हवा वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाई आणि तिची जागा पडवीतली थंड हवा घेई. दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे हे काम विनामूल्य करीत.

मात्र त्या घरांचे गुणगान करताना त्यांतल्या चुलीचा विसर पडू नये. ओल्या लाकडांच्या धुराने कित्येक पिढ्यांतील गृहिणींचे डोळे आणि फुप्फुसे जाळली. घरातील अशा प्रदूषणाने २०२० साली जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीच्या जागी गॅस आला म्हणून प्रश्न संपला नाही. गॅसच्या ज्योतीतून आणि फोडणीतूनही फुप्फुसांना अपायकारक अशी द्रव्ये हवेत मिसळतातच.

आज राजांगणाची जागा फ्लॅटने घेतली आहे. एकाच बाजूला खिडक्या, सज्जाला काचा आणि भिंतीवर वातानुकूलन यंत्र! घरोघरी दिसणारे हे यंत्र खोलीतलीच हवा पुनःपुन्हा थंड करते, बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही. पंखाही हवा फिरवतो, बदलत नाही. कोविडच्या साथीत, मार्च २०२१ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने घरात माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा मिळावी, अशी शिफारस केली. तीन मीटर रुंद, चार मीटर लांब आणि तीन मीटर उंच खोलीत दोघे झोपत असतील, तर तेथील हवा तासातून दोनदा बदलावयास हवी, असा याचा अर्थ. रात्रभर बंद असणाऱ्या किती शयनगृहांत हे घडत असेल?

उपाय खर्चिक नाहीत. सकाळ-संध्याकाळ समोरासमोरची दारे-खिडक्या एकाच वेळी उघडाव्यात. आपल्याकडे पावसाचा झोत बहुधा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो. अशा वेळी पूर्वेची खिडकी उघडी ठेवण्यास हरकत नसावी. डासांसाठी जाळी लावावी. बंद खोलीत कॉइल जाळून रात्र काढू नये. कपाटे भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत. घर धुळीच्या रस्त्यालगत असेल, तर वर्दळ कमी असतानाची वेळ निवडावी. आणि बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर कदापि नसावा. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणूस सावध होण्यापूर्वीच बेशुद्ध पडतो.

परंतु सारा भार गृहिणीच्या दक्षतेवर टाकणे न्यायाचे नव्हे. ज्या भाड्याच्या खोलीला एकच खिडकी आहे आणि तीही शेजारच्या भिंतीवर उघडते, त्या खोलीतल्या कुटुंबाने काय करावे? बांधकामाचे नकाशे मंजूर करताना पालिकांनी व पंचायतींनी चटईक्षेत्राइतकेच लक्ष वाऱ्याच्या वाटेकडे द्यावे. नकाशात दाखविलेली हवेची पोकळी पुढे अडगळीने बुजत नाही ना, हेही पाहावे.

पिण्याचे पाणी गढूळ आले की आपण मोर्चा नेतो. हवा तर आपण क्षणोक्षणी घेतो. केवळ ती दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी आपण इतके उदासीन का असावे?