एप्रन, पदर आणि बोहारणीचा डबा

एप्रन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? भारतात हा प्रश्न विचारलात तर बरेच जण म्हणतील, डॉक्टरांचा पांढरा कोट. मेडिकलला नंबर लागला की एप्रन शिवायला टाकायचा, लॅबला जाताना एप्रन विसरायचा नाही, एवढाच आपला त्या शब्दाशी संबंध. स्वयंपाकघरातला एप्रन मला भेटला तो इथे, ओहायोत, एका इस्टेट सेलमध्ये. कुणी वारलं किंवा घर विकायचं ठरलं की घराची दारं उघडून आतल्या सगळ्या वस्तू विकायला काढतात, तोच हा सेल. तिथल्या एका खणात इस्त्री करून ठेवलेले सात एप्रन होते. आठ डॉलरला मी त्यातले दोन घेतले. आता माझ्याकडे बावीस झालेत.

जुने एप्रन जमवणारे लोक अमेरिकेत भरपूर आहेत. एलिनॅन गायझेल या लेखिकेने तर ‘द एप्रन बुक’ नावाचं पुस्तक २००६ मध्ये काढलं. एप्रनसोबत माणसांचे फोटो आणि त्यांच्या आठवणी मांडणारं तिचं प्रदर्शन गावोगाव फिरलं. एवढ्याशा कापडात लोकांना सापडतं तरी काय?

आधी एप्रन वाचायचा कसा ते बघू. मागे बांधायला नाड्या असलेला, छातीपासून गुडघ्यापर्यंतचा एप्रन दिसला, तर तो कामाचा. वॉशिंग मशीन नव्हतं तेव्हा अंगातला ड्रेस धुणं म्हणजे अख्ख्या दिवसाचं काम. म्हणून ड्रेस वाचवायचा आणि एप्रन धुवायचा, असा साधा हिशोब होता.

मग कापड बघायचं. एका कडेला ओळीने बारीक भोकं दिसली तर ते कापड बहुतेक पोत्याचं. तेव्हा पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य, सगळं सुती पोत्यांतून यायचं. पोत्याची शिवण उसवली की सुईची भोकं तशीच राहायची. बायका त्या कापडाचे कपडे शिवतात हे गिरण्यांच्या लक्षात आलं आणि १९२० च्या दशकात चौकड्यांची, पुढे फुलाफुलांची पोती बाजारात आली. कंपनीचं नाव कागदी लेबलवर, म्हणजे धुतलं की गेलं. १९३० च्या दशकातल्या मंदीत आणि नंतर महायुद्धाच्या टंचाईत या पोत्यांनी कितीतरी घरं अंगभर झाकली. एका डिझाइनचं पोतं कमी पडलं, तर तशाच डिझाइनचं दुसरं शोधून आणावं लागे.

१९५० च्या दशकात कमरेपासून खाली येणारे अर्धे एप्रन लोकप्रिय झाले. त्यातले काही पारदर्शक ऑर्गंडीचे, लेस लावलेले. यांनी फोडणीचा एक थेंबही अडणार नाही! ते पाहुणे आल्यावर मिरवायचे. पुढे घरोघरी मशीन आलं, कपडे स्वस्त झाले आणि रोजच्या एप्रनची गरज कमी होत गेली.

आता खरी गंमत. माझ्या पहिल्या दोन एप्रनमधला ऑर्गंडीचा अगदी नव्यासारखा आहे. दुसरा पोटाशी इतका विरलाय की त्यातून उजेड दिसतो. त्याच्या खिशाला दोनदा ठिगळ लावलंय. बाजारात पहिल्यासारखे ढिगाने मिळतात, दुसऱ्यासारखे क्वचित. कारण उघड आहे. जे वापरलं नाही ते टिकलं. जे रोज वापरलं त्याचं फडकं झालं आणि फडक्याचा कचरा. म्हणजे असा संग्रह बघून ‘तेव्हाच्या बायका लेसचे एप्रन घालून स्वयंपाक करायच्या’ असं ठरवलं तर आपण साफ चुकू. संग्रहात दिसतं ते लोकांनी जपलेलं आयुष्य. जगलेलं आयुष्य बहुतेक झिजून गेलेलं असतं.

हे कळलं तेव्हा मला माझी सांगलीची आजी आठवली. आमच्याकडे एप्रन नव्हता, कारण पदर होता. कमरेला खोचलेल्या पदराने ती गरम पातेलं उतरवायची, हात पुसायची, माझं नाकही पुसायची. पदराच्या गाठीत सुटे पैसे असायचे. ती गेल्यावर माझ्या वाट्याला तिचा शालू आला. सुंदर आहे, पण तिने तो नेसला असेल फार तर चार-पाच वेळा. त्यात मला आजी काही केल्या सापडत नाही. तो माझा ऑर्गंडीचा एप्रन आहे.

मी आईला फोन केला. “अगं आई, आजीचं रोजचं एखादं लुगडं उरलंय का?”

“छे गं, ती कुठली उरायला! मऊ झाली त्यांच्या गोधड्या झाल्या, बाकीची बोहारणीला दिली. तू पोहे ठेवतेस ना, तो स्टीलचा डबा? दोन लुगडी देऊन घेतलाय तो आजीने. किती घासाघीस केली होती!”

तो डबा मी इथे येताना बॅगेत कपडे कोंबून आणला होता. नऊ वर्षं रोज हाताळतेय आणि तो काय आहे हे मला माहीतच नव्हतं.

म्हणून एक सांगणं. घरी फोन कराल तेव्हा भारी साड्यांबद्दल विचारू नका, त्या कुणीतरी जपतच असतं. रोजच्या कपड्यांचं काय झालं ते विचारा. एखादी गोधडी मिळाली तर तिचे डाग ब्लीचने घालवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, उन्हात ठेवू नका. आणि कोणता तुकडा कुणाच्या लुगड्याचा, हे सांगणारं माणूस आहे तोवर कागदावर लिहून त्यातच ठेवा. माझ्या डब्याच्या झाकणाला आतून मी आता एक चिठ्ठी चिकटवली आहे.