हिरव्या सोयाबीनचा आहार

बंगळूरच्या पूर्वेस असलेल्या होसकोटे भागात नाचणीच्या शेतात अवरेच्या ओळी पेरण्याची जुनी रीत आहे. अवरे म्हणजे आपला पावटा. थंडीत त्याच्या हिरव्या शेंगा बाजारात येतात. दाणे भिजवून, चिमटीत दाबून साल काढतात व त्यांचे कालवण करतात. शेंग वाळण्यापूर्वीच दाणा खाण्याची ही रीत सोयाबीनलाही लागू पडते.

चीन व जपान या देशांत हिरवे सोयाबीन शतकानुशतके खाल्ले जाते. बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने ‘करुणे’ हा भाजीच्या सोयाबीनचा वाण प्रसारित केला आहे. अशा वाणांचा दाणा टपोरा व गोडसर असतो. दाण्यांनी शेंग जवळजवळ भरली, पण तिचा हिरवा रंग अद्याप टिकून आहे, हीच तोडणीची वेळ होय. ती थोड्याच दिवसांत निघून जाते. तोडलेल्या शेंगांतील साखरही लवकर घटते. म्हणून त्या ताज्याच शिजवाव्यात.

शंभर ग्रॅम उकडलेल्या हिरव्या दाण्यांत सुमारे १२ ग्रॅम प्रथिने असतात. तेवढ्याच मटारात ती सुमारे ५ ग्रॅम असतात. शिवाय तंतू, लोह व फोलेट मिळते. वाळलेल्या दाण्यात जवळजवळ नसलेले क जीवनसत्त्वही हिरव्या दाण्यात असते. ज्वारी-नाचणीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते. सोयाबीनमध्ये ते विपुल असते. त्यामुळे भाकरी व ही उसळ परस्परांस पूरक ठरतात. सोयाबीनच्या प्रथिनांमुळे रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल किंचित उतरते. मात्र त्यास औषध मानू नये.

हे दाणे कच्चे खाऊ नयेत. ट्रिप्सिन या पाचक विकराच्या कार्यात अडथळा आणणारे द्रव्य त्यांत असते. शिजवल्याने त्याचा बराचसा नाश होतो. शेंगा मिठाच्या पाण्यात मऊ होईपर्यंत उकडाव्यात व केसाळ साल टाकून द्यावी. सोयाबीन ज्यांना सोसत नाही, त्यांनी ते वर्ज्य करावे. नुकत्याच फवारलेल्या शेतातील शेंगा कोणीच खाऊ नयेत.

विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची शेते दूरवर पसरलेली दिसतात. परंतु त्यांतील बहुतेक दाणा वाळून तेलाच्या गिरणीत जातो. पेंड कोंबड्यांना मिळते आणि पिकवणाऱ्याच्या मुलांच्या ताटात मात्र हे धान्य क्वचितच येते. बांधालगतच्या चार ओळी भाजीच्या वाणाच्या पेरून घरासाठी राखल्या, तर ही उणीव सहज भरून निघेल.