कमी बजेटमध्ये डिक्कीत सबवूफर बसवायचाय? मग आधी वायर आणि फ्यूजचं गणित समजून घ्या

सोयाबीनचे पैसे हातात आले की रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात गाडीची हौस जागी होते. 'एमएच ३७' पासिंगची जुनी हॅचबॅक असली तरी तिला नवीन सीट कव्हर चढतं, स्क्रीनवाला स्टिरिओ बसतो. आणि मग मित्र म्हणतात, "भाऊ, बाकी ठीक आहे, पण बेस नाही!"

मग ऑनलाइन शोधाशोध सुरू होते. '१२ इंच, २००० वॅट' असं लिहिलेला वूफर स्वस्तात दिसतो, तो मागवला जातो आणि उरलेली वायरिंग घरात पडलेल्या वायरवर भागवली जाते. गडबड नेमकी इथे होते. कारण या कामात पैसे वाचवायच्या जागा वेगळ्या आहेत आणि जिथे एक रुपयाही वाचवू नये अशा जागा वेगळ्या आहेत.

चला तर मग, सगळं गणित सोप्या भाषेत समजून घेऊया.

सबवूफर नक्की करतो काय?

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. त्यातले सगळ्यात खालचे, म्हणजे ढोलाचा 'धम्म' किंवा बेस गिटारचे २० ते ८०-१०० हर्ट्झचे आवाज, दरवाजातल्या छोट्या स्पीकरला झेपत नाहीत. इतका खालचा आवाज काढायला भरपूर हवा हलवावी लागते. त्यासाठी मोठा कोन लागतो, तोच सबवूफर.

हा डिक्कीत ठेवला तरी का चालतो? कारण इतके खालचे आवाज कुठल्या दिशेने येतात हे कानाला नीट कळत नाही. हॅचबॅकमध्ये डिक्की आणि केबिनची हवा एकच असते, त्यामुळे बेस सहज पुढे येतो. सेडानमध्ये मधे सीट आणि पत्रा येतो, तिथे थोडा कमी जाणवतो.

'२००० वॅट' या आकड्याला भुलू नका

बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा 'पीक' किंवा 'मॅक्स'चा असतो. म्हणजे क्षणभरासाठी झेपणारी ताकद. तुम्हाला बघायचा आहे तो 'आरएमएस' वॅटचा आकडा, म्हणजे सलग झेपणारी ताकद. '२००० वॅट'वाल्या वूफरचा आरएमएस आकडा ३०० च्या आसपासही निघू शकतो.

आणखी एक गंमत म्हणजे, वॅट दुप्पट केले तर आवाज दुप्पट होत नाही. तो फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे ३०० वरून ६०० वॅटवर जायला जास्तीचे पैसे घालण्याआधी विचार करा. छोट्या गाडीला २५० ते ३०० वॅट आरएमएस पुरून उरतात.

आता खरा मुद्दा: वायर

गाडी चालू असताना बॅटरीवर साधारण १३.५ व्होल्ट असतात. ३०० वॅटचा क्लास-डी अॅम्प्लिफायर साधारण ७५ टक्के कार्यक्षम धरला, तर तो बॅटरीकडून ४०० वॅट ओढतो. ४०० भागिले १३.५, म्हणजे जवळपास ३० अँपिअर. ही सगळी वीज बोनेटमधल्या बॅटरीपासून डिक्कीपर्यंत, म्हणजे ५ मीटरच्या आसपास लांब वायरमधून जाते.

आता समजा घरातल्या प्लगसाठी वापरतात ती २.५ स्क्वेअर एमएमची वायर टाकली. पूर्ण लोड आल्यावर तिच्यात साधारण १ व्होल्ट वाया जातो आणि सुमारे ३० वॅट उष्णता वायरमध्येच तयार होते. तीही कार्पेटखाली, जिथे हवा लागत नाही. वर आपल्याकडचा उन्हाळा, ४० च्या पुढचं तापमान!

म्हणून इतक्या लोडसाठी किमान ८ गेजची, म्हणजे साधारण ८ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घ्या. किट मिळालं नाही तर इलेक्ट्रिकलच्या दुकानातली १० स्क्वेअर एमएमची लवचीक तांब्याची वायर घेता येते. फक्त बोनेटमधला भाग पाइपातून न्या आणि इंजिनच्या गरम भागापासून लांब ठेवा.

स्वस्त किटमध्ये दोन फसवणुकी असतात. एक, वरचं प्लास्टिक जाड आणि आत तांबं कमी. दोन, अॅल्युमिनियमच्या तारेवर नुसता तांब्याचा मुलामा. ओळखायचं कसं? एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी चमक दिसली तर ते अॅल्युमिनियम आहे. तशीच वायर घ्यायची वेळ आली तर एक साइज जाड घ्या.

फ्यूज कुणाला वाचवतो?

अनेकांना वाटतं, फ्यूज अॅम्प्लिफायरला वाचवतो. बॅटरीजवळचा फ्यूज असतो तो वायरला आणि गाडीला वाचवण्यासाठी.

बोनेटमधून आत येताना वायर पत्र्याच्या भोकातून जाते. रिसोडहून मेहकर किंवा वाशिमच्या रस्त्याने रोज गाडी पळते, हादरे बसतात, पत्र्याची धार वायरचं प्लास्टिक हळूहळू कापते. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं. गाडीचा पत्रा म्हणजेच बॅटरीचा निगेटिव्ह, त्यामुळे थेट शॉर्ट! बॅटरी अशा वेळी शेकडो अँपिअर सोडते आणि वायर काही क्षणांत लाल होते. फ्यूज असेल तर तो उडतो आणि विषय तिथेच संपतो. नसेल तर गाडी पेट घेऊ शकते.

त्यामुळे हे नियम पाठच करा:

- फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवा. डिक्कीत लावलेला फ्यूज मधल्या वायरला वाचवत नाही.
- ८ गेज तांब्याच्या वायरला आणि ३०० वॅटच्या अॅम्पला ४० अँपिअरचा फ्यूज पुरतो. उडाला म्हणून तिथे तार गुंडाळू नका.
- पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट हवाच.
- काम सुरू करण्याआधी बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा.
- निगेटिव्ह वायर तेवढ्याच जाडीची आणि दीड फुटाच्या आत ठेवा. पत्र्यावरचा रंग खरवडून, थिंबल लावून बोल्टने घट्ट आवळा.
- पॉवरची वायर गाडीच्या एका बाजूने आणि स्टिरिओची आरसीए केबल दुसऱ्या बाजूने न्या. नाहीतर इंजिनची 'कुईं' गाण्यात ऐकू येते.

मग पैसे वाचवायचे कुठे?

बॉक्समध्ये! वूफरच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, म्हणून बॉक्स लागतो. तो गावातल्या सुताराकडून बनवून घेता येतो. १२ इंची वूफरच्या बंद बॉक्सला साधारण २८ लिटर जागा लागते. आतून ३७ × ३४ × २५ सेंटिमीटर माप घेतलं, तर वूफरची जागा वजा जाऊन तेवढं उरतं. फक्त वूफरच्या माहितीपत्रकात दिलेलं लिटरचं माप आधी तपासा. १८ मिमीचा एमडीएफ किंवा प्लाय वापरा आणि सगळे सांधे गोंद व सिलिकॉनने हवाबंद करा. भोकवाला म्हणजे पोर्टेड बॉक्स जास्त दणका देतो, पण त्याचं माप चुकलं तर सगळंच बिघडतं. पहिल्यांदा करताय तर बंद बॉक्सच बरा.

समजा तुमच्याकडे १५ हजार आहेत. वाटणी अशी करता येईल: अॅम्प ६,०००, वूफर ३,५००, वायर-फ्यूज-थिंबल २,५००, बॉक्स २,००० आणि मजुरी १,०००. भाव दुकानागणिक बदलतील, पण वायरचा हिस्सा कमी करू नका. कंपनीचा स्टिरिओ बदलायचीही गरज नाही. 'हाय लेव्हल इनपुट' असलेला अॅम्प घेतला की स्पीकरच्या वायरवरूनच सिग्नल मिळतो.

बसवल्यानंतर

लो-पास फिल्टर ८० हर्ट्झच्या आसपास ठेवा. 'गेन' म्हणजे आवाजाचं बटण नव्हे. स्टिरिओ पाऊण आवाजावर ठेवा, गेन शून्यापासून वाढवा आणि आवाज फाटायला लागला की थोडा मागे घ्या. फाटलेल्या आवाजाने वूफरची कॉइल जळू शकते. बॉक्स पट्ट्याने किंवा क्लॅम्पने बांधा. अचानक ब्रेक लागला तर १५-२० किलोचा बॉक्स पुढे उडतो. स्टेपनी काढता येईल एवढी जागाही ठेवा.

डिक्कीत सीएनजीची टाकी असेल तर तिथे ड्रिल चालवूच नका. टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि पाइपाजवळून वायर नेऊ नका. अशा गाडीला सीटखाली बसणारा छोटा अॅक्टिव्ह वूफर जास्त योग्य. गाडी वॉरंटीत असेल तर आधी शोरूमला विचारा, आणि नवीन सामान विमा पॉलिसीत नोंदवून घ्या.

शेवटचं, आवाजाचं भान. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते ६. दवाखाना, शाळा आणि कोर्टापासून १०० मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. बेस काचा बंद करूनही बाहेर जातो, त्यामुळे गल्लीत शिरताना आवाज कमी करा.

तुमच्या मित्राने नुकताच वूफर बसवला असेल, तर त्याला एकच प्रश्न विचारा: "बॅटरीजवळ फ्यूज आहे का?" उत्तर 'माहीत नाही' आलं, तर आजच बोनेट उघडून बघा.