एका गोळीत तीन औषधे कशासाठी?

एचआयव्हीवर एखादे जालीम औषध का पुरत नाही? रुग्णाला एकदम तीन औषधे का देतात? उत्तर विषाणूच्या स्वभावात आहे.

हा विषाणू रक्तातल्या पांढऱ्या पेशींत शिरून आपल्या नकला काढतो. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात असे अब्जावधी विषाणू रोज तयार होतात. घाईच्या कामात चुका होणारच! एखाद्या चुकीमुळे असा विषाणू निपजतो, की त्याच्यावर औषधाची मात्रा चालत नाही. मग त्याचीच प्रजा वाढते.

झिडोवुडीन हे औषध १९६४ साली अमेरिकेत कर्करोगासाठी बनवले गेले आणि बाजूला पडले. १९८५ मध्ये प्रयोगशाळेत ते एचआयव्हीला रोखते असे आढळले आणि १९८७ मध्ये त्याला मान्यता मिळाली. रुग्णांना आराम पडे. पण काही काळाने विषाणू त्याला दाद देईनासा होई. १९९६च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत आली. तिन्हींना चकवणारा विषाणू निपजणे फार कठीण. मृत्यू झपाट्याने घटले.

मुंबईची गोळी

मात्र, या उपचाराचा खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तो एका सेवाभावी संस्थेला ३५० डॉलरांत देऊ केला. त्याच वर्षी स्टॅव्हुडीन, लॅमिव्हुडीन आणि नेव्हिरापीन यांची एकत्र गोळी आली. परदेशात या औषधांचे हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे होते. आपल्याकडे मात्र १९७०च्या कायद्यानुसार पेटंट औषधाला नव्हे, तर ते बनवण्याच्या कृतीला मिळे. म्हणून हे साधले. दुष्परिणामांमुळे स्टॅव्हुडीन पुढे मागे पडले. आता टेनोफोविर, लॅमिव्हुडीन आणि डोलुटेग्रॅविर यांची दिवसाला एक गोळी प्रामुख्याने दिली जाते.

जोडीदारालाही संरक्षण

पुण्यात भोसरीला १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. नऊ देशांतल्या जोडप्यांवरील एका मोठ्या अभ्यासात तिचा सहभाग होता. उपचार लवकर सुरू केल्यास जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असे २०११ मध्ये त्यातून दिसले.

गोळी चुकवू नका

सरकारी केंद्रांत ही औषधे १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली. त्यांनी विषाणू समूळ जात नाही, तो दबून राहतो. बरे वाटते म्हणून गोळ्या टाळल्या, की रक्तातले औषध कमी होते आणि विषाणू पुन्हा डोके वर काढतो. म्हणून घरच्यांनी रुग्णाला दूर न लोटता रोजच्या गोळीची आठवण करावी. ही औषधे लपवून नव्हे, वेळेवर घ्यायची असतात.