एका पावलाला एक कोटी

मुंबईचा कोस्टल रोड १०.५८ किलोमीटरचा आणि त्याचा खर्च सुमारे १४ हजार कोटी रुपये. एवढी शून्यं एका रांगेत पाहिली की डोकं बधिर होतं, म्हणून सरळ भागाकार करावा. मीटरला १ कोटी ३२ लाख पडतात. माणसाचं पाऊल ७५ सेंटिमीटरचं धरलं, तर पावलाला जवळजवळ एक कोटी! अर्थात त्या रस्त्यावर पाऊल टाकायची परवानगी नाही. दुचाकीलाही नाही. समुद्राकडेनं पदपथ केलाय, तो छानच आहे, पण हवा खायला. कामावर जायला नव्हे.

आता दुसरा हिशेब. मुंबई महानगर प्रदेशात लोक जातात-येतात कसे, याची मोठी पाहणी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं, म्हणजे एमएमआरडीएनं, २००५ च्या सुमारास करून घेतली आणि २००८ मध्ये तिचा अहवाल आला. दिवसाला साधारण २.८५ कोटी फेऱ्या निघाल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक पायी. शाळेत, बाजारात, कारखान्यात, धुण्याभांड्याच्या कामाला. पायी फेऱ्या १.४ कोटी धरू आणि एका फेरीला जेमतेम अर्धा किलोमीटर. तरी रोजची ७० लाख किलोमीटर चाल झाली. चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. म्हणजे हा प्रदेश रोज पायी नऊ वेळा चंद्रावर जाऊन परत येतो.

पण आपण ऐकत आलोय तो आकडा वेगळाच: मुंबईत ७८ टक्के प्रवास लोकल आणि बसनं होतो. तो खोटा नाही, फक्त चालणारे वजा करून काढलेला आहे. निम्मी माणसं आधी पाटीवरून पुसायची आणि उरलेल्यांचे टक्के काढायचे. निधी मग त्या टक्क्यांच्या मागं जातो.

हीच माणसं लोहमार्ग पोलिसांच्या नोंदीत मात्र बिनचूक मोजली जातात. २०२४ मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवर २,४६८ माणसं मेली, म्हणजे रोजची जवळपास सात. वीसेक वर्षांची बेरीज ५१ हजारांच्या वर जाते. गर्दीतून पडून मेलेले त्यात आहेतच; ऐन गर्दीच्या वेळी गाडीत एका चौरस मीटरवर १४ ते १६ माणसं उभी असतात आणि रेल्वेकडं त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं खास नावही आहे. तरी सर्वांत जास्त मृत्यू रूळ ओलांडतानाचे. त्यांना सरसकट ‘बेशिस्त’ म्हणणं सोपं आहे. घर एका अंगाला, रिक्षा स्टँड दुसऱ्या अंगाला, मध्ये भिंतीला पाडलेलं भगदाड. पूल आहे, पण लांब. शिवाय विजेच्या तारांच्या वरून जायचं म्हणजे दोन मजले चढून दोन मजले उतरायचं. कडेवर पोर आणि हातात पिशवी असलेल्या बाईनं भगदाडातून जायचं ठरवलं, तर तो नियोजनाचाही निकाल आहे.

बरं, पूल तरी धड असावा. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पादचारी पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. नव्या रुंद पुलाला सुमारे १२ कोटी आधीच मंजूर होते, पूल मात्र कागदावरच होता. कोस्टल रोडच्या भावानं १२ कोटी म्हणजे बारा पावलं.

चालण्याचा जमेकडचा हिशेबही कुणी मांडत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं जाणं आणि पंधरा मिनिटं येणं, असे सहा दिवस: १८० मिनिटं. जिमची फी शून्य. मधुमेहावर आणि रक्तदाबावर सरकारनं याहून स्वस्त काही शोधून दाखवावं. फुटपाथ मात्र लागेल.

अमेरिकेतल्या नॅशव्हिल भागानं चालण्याचा हा हिशेब कागदावर आणला, आणि तो भागही काही पायी चालणाऱ्यांचा मुलूख नव्हे, गाड्यांचाच. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी २०३५ पर्यंतचा प्रादेशिक वाहतूक आराखडा मंजूर केला. प्रत्येक प्रकल्पाला शंभरपैकी गुण द्यायचे आणि त्यांतले ६० आरोग्य, सुरक्षितता, हवा आणि समन्याय यांसाठी राखायचे. गरीब, बेरोजगार, बिनगाडीची घरं आणि ६५ च्या वरचे लोक कुठं दाटीनं राहतात याचे नकाशे काढले. लोकांच्या प्रवासाची पाहणी केली, तीत काहींच्या अंगावर हालचाल मोजणारी यंत्रंही लावली. आधीच्या आराखड्यात पदपथ वा सायकलमार्ग असलेले रस्ताप्रकल्प २ टक्के होते, नव्यात ७० टक्के झाले. रस्ते बांधणं त्यांनी थांबवलं नाही, परीक्षेचे गुण बदलले. शिवाय एका निधीतले १५ टक्के चालण्या-सायकलीसाठी बाजूला काढले.

तोच १५ टक्क्यांचा नियम इथं लावून पाहू. १४ हजार कोटींचे १५ टक्के म्हणजे २,१०० कोटी. एल्फिन्स्टनच्या मंजुरीच्या दरानं १७५ पादचारी पूल. तो दर आज कुणी देणार नाही, कबूल. दुप्पट धरा, तरी ८७ होतात. यावर ठरलेलं उत्तर असं की रस्ता महापालिकेचा, पूल रेल्वेचा आणि आराखडा एमएमआरडीएचा, तेव्हा या खिशातले पैसे त्या खिशात कसे जाणार? पण असे खिसे जोडायलाच १९७५ मध्ये एमएमआरडीए काढली होती.