पेट्रोल वाटेत कुठे अडते?

विहिरीत पाणी आहे. पंप चालू आहे. पण शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. अशा वेळी आपण काय करतो? नवी विहीर खणत नाही. पाटाच्या काठाने चालत जातो. कुठे पाट फुटला असेल, कुठे गाळ साचला असेल. ती जागा सापडली, की पाणी सुरू होते.

जुन्या मोटारीचेही असेच आहे. ज्या गाड्यांना कार्ब्युरेटर होता, त्यांच्याविषयी आम्ही आज सांगणार आहोत. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही त्यांतलीच. मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली. अँबॅसडर आणि जुनी पेट्रोलची जीपही त्याच जातीची. अशा काही गाड्या अजून लोकांनी जपून ठेवल्या आहेत.

आधी पेट्रोलची वाट समजून घेऊ. मागे टाकी असते. टाकीपासून नळी पुढे येते. वाटेत गाळणी असते. इंजिनाला लागून पंप असतो. पंपात रबरी पडदा असतो. इंजिन फिरले, की हा पडदा खाली-वर होतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. पुढे कार्ब्युरेटर. त्यात एक लहान वाटी असते. वाटीत फ्लोट तरंगतो. वाटी भरली, की फ्लोट वर येतो आणि एक सुई पेट्रोलचे तोंड बंद करते. वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या बारीक छिद्रातून जाते, हवेत मिसळते आणि इंजिनात जळते.

आता पेट्रोल कमी पडते हे ओळखायचे कसे? गाडी सपाटीला नीट चालते. चढ लागला, की दम तोडते. धक्के खाते, खोकल्यासारखा आवाज करते आणि बंद पडते. पाच-दहा मिनिटे थांबलो, की पुन्हा चालू होते. थोडे गेल्यावर पुन्हा तेच. याचे कारण सोपे आहे. चढावर पेट्रोल जास्त लागते आणि येते कमी. वाटी रिकामी होते. थांबलो, की ती हळूहळू पुन्हा भरते.

असे झाले, की पुष्कळ जण म्हणतात, "पंप गेला, नवा टाका." पैसे जातात आणि गाडी पुन्हा घाटात उभी राहते. आत एखादी बाळंतीण असली तर? म्हणून भाग बदलण्याची घाई नको. आधी वाट तपासा.

पहिली तपासणी टाकीची. टाकीत पेट्रोल आहे का? जुन्या गाडीच्या काट्यावर विसंबू नका. मग टाकीचे झाकण पाहा. बऱ्याच गाड्यांच्या झाकणाला बारीक छिद्र असते. पेट्रोल कमी होते तशी त्यातून हवा आत जाते. ते छिद्र मातीने बुजले, तर पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. गाडी बंद पडताच झाकण उघडा. फुस्स असा आवाज आला आणि गाडी लगेच नीट चालू लागली, तर दोष झाकणाचा. छिद्र साफ केले, की झाले. खर्च काही नाही.

दुसरी तपासणी उन्हाची. उन्हाळ्यात पंप व नळी फार तापतात. आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाला वाफ ढकलता येत नाही. गाडी सावलीत उभी करा. बॉनेट उघडा. पंपावर ओले फडके ठेवा. गार झाल्यावर गाडी चालू झाली, तर दोष उष्णतेचा.

पुढची तपासणी जाणत्या मिस्त्रीबरोबरच करा. इंजिन गार असावे, जागा मोकळी असावी. जवळ विडी, काडी, चूल नको. वाळूची बादली हाताशी ठेवा. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची बारीक तार काढून ठेवा. मग कार्ब्युरेटरकडे येणारी नळी सोडवून कोरड्या डब्यात धरा. दुसऱ्याने स्टार्टर मारावा. पेट्रोल जोराने, चिळकांड्या उडत आले, तर वाट मोकळी आहे. मग दोष कार्ब्युरेटरात. सुई अडकली असेल, नाहीतर जेटमध्ये कचरा असेल. जेट हवेने फुंकून साफ करावे. त्यात तार घालू नये. छिद्र मोठे होते आणि गाडी पेट्रोल फार खाते.

पेट्रोल थेंब थेंब आले, तर दोष मागे आहे. गाळणी पाहा. रबरी नळी पाहा. नळीला चीर असेल, तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. हे सारे ठीक असेल, तरच पंप उघडावा. इंजिनाच्या ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर पंपाचा पडदा फाटला असे समजा. मग गाडी चालवू नका.

आणखी एक नवी गोष्ट. 2023 पासून देशात 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. आपल्या उसापासूनही हे इथेनॉल होते. पण जुन्या गाडीचे रबर त्यासाठी केलेले नाही. ते फुगते, चिरते. टाकीतला जुना गाळही सुटून गाळणीत येतो. म्हणून नळ्या व गाळणी वरचेवर पाहाव्यात.

दोन गोष्टी कधीही करू नका. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका; ते फुप्फुसात गेले, तर जिवावर बेतते. चालू इंजिनावर, कार्ब्युरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतू नका; भडका उडून माणूस भाजतो. गाडी उशिरा पोचली तरी चालेल. माणूस धड पोचला पाहिजे.

आठवून सांगा:
1. गाडी थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा का चालू होते?
2. टाकीच्या झाकणाला छिद्र कशासाठी असते?
3. जेटमध्ये तार का घालू नये?